पुसायचं नाय, टिपायचं

खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा काका म्हणाले, "हात दाखव."

मला वाटलं, ज्योतिष बघतात. मी कन्नडहून नोकरीसाठी शहरात आले होते आणि दोन घरमालकांनी आधीच नाही म्हटलं होतं. त्यामुळं मुकाट्यानं उजवा हात पुढं केला.

"दोन्ही."

तळहातांकडं त्यांनी बघितलंच नाही. हात उलटे करून नखं बघितली, बोटांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "अंगठी घालतीस?"

"नाही."

"बांगड्या?"

"सणासुदीला."

"सणासुदीला हॉलमध्ये येताना काढून यायचं. जमंल?"

"जमेल."

आतून एक बाईमाणसाचा आवाज आला, "अवं, आधी तिचं नाव तरी इचारा!"

त्या काकू. नाव, गाव, आडनाव, बियाणं कंपनीतली नोकरी, हे सगळं त्यांनीच विचारलं. काकांचं काम झालं होतं. सिडकोतल्या त्या रो-हाउसची वरची खोली मला मिळाली ती माझ्या नखांवर. आपण कशात पास झालो हे मला दोन दिवसांनी कळलं. हॉलमधल्या कपाटाचा पडदा त्यांनी माझ्यासमोर बाजूला केला तेव्हा.

आत काच होती. साधी नाही. लोक तिला क्रिस्टल म्हणतात, काका बिलोरी म्हणायचे. झुंबराचे लोलक, अत्तराच्या चपट्या बाटल्या, लांब मानेची एक सुरई, दोन हंस, एक हत्ती, पेपरवेट, कोण्या साहेबाच्या टेबलावरची दौत. एकूण एकसष्ट नग. 'नग' हा त्यांचाच शब्द. शोभेच्या वस्तू म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "शोभा तुमच्या डोळ्याला. नग तर नुसता बसलेला असतो," असं म्हणायचे.

काका एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली होती. पोरांनी ॲसिड ओतून, जाळून, डाग पाडून ठेवलेल्या नळ्या आणि चंचुपात्रं धुण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दुसऱ्या माणसानं निवृत्त झाल्यावर त्या कामाचं नाव काढलं नसतं. काका म्हणायचे, "जन्मभर लोकांची काच धुतली, आता मपली धुवायलो." पहिला लोलक त्यांनी नोकरीला लागल्या लागल्याच शहागंजातल्या एका चाचांकडून घेतला होता. चाचा जुनी झुंबरं दुरुस्त करायचे. जुन्या हवेल्यांमधलं सामान निघालं की आधी चाचांकडं यायचं, आणि चाचांकडं आलं की काका सायकलवर टांग मारायचे. असं वर्षानुवर्षं चाललं आणि कपाट भरलं.

रविवारी सकाळी दहा वाजता धुणं. त्याला ते धुणंच म्हणायचे, पण कपड्यांच्या धुण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. जेवणाच्या टेबलावर जुनी गोधडी अंथरायची. तिच्यावर प्लॅस्टिकचे दोन टब. टबाच्या तळाशी टॉवेलची घडी, म्हणजे नग निसटला तरी मऊवर पडावा. पहिल्या टबात कोमट पाणी. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं तर लागलंय हे कळू नये इतकंच. त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. दुसऱ्या टबात नुसतं पाणी, तेही नळाचं किंवा बोअरचं नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात म्हणून काका बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणायचे. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला की बायका घागरी, हंडे घेऊन पळायच्या, आणि त्याच वेळी काका बॅटरीच्या पाण्याचा कॅन स्कूटरवर बांधून शांतपणे घरी यायचे. लोक काय म्हणत असतील याची त्यांना फिकीर नव्हती. काकूंना होती.

एका वेळी एकच नग. धरायचा तो बुडातून. मान, शेपूट, सोंड, कान इथं धरायचं नाही. खाचेतली धूळ दाढीच्या ब्रशनं काढायची. मग धुतलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यावर ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "पुसायचं नाय, टिपायचं."

हे मी शंभर वेळा ऐकलं असेल. पुसताना कपड्यात अडकलेला एखादा कण काचेवर ओढला जातो आणि चरा पडतो. म्हणून कपडा नुसता टेकवायचा, पाणी त्यात शिरू द्यायचं, उचलायचा. पुढं पुढं त्यांचं हे वाक्य कपाटाबाहेरही लागू व्हायला लागलं. ऑफिसात मॅनेजर बोलला म्हणून मी एकदा रडत घरी आले, तर काकूंनी पदरानं माझं तोंड खसाखसा पुसायला घेतलं. काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "टीप, टीप. पुसू नको."

पहिले तीन महिने मला फक्त बघायची परवानगी होती. चौथ्या महिन्यात धोतराचा तुकडा धरायला मिळाला. सहाव्यात दुसरा टब. नग हातात असताना कोणी बोलायचं नाही असा नियम होता. शिंक आली तर आधी "थांबा" म्हणायचं, नग खाली ठेवला जाईपर्यंत थांबायचं आणि मग शिंकायचं. शिंक अशी थांबत नाही असं मी एकदा म्हटलं.

"प्रॅक्टिसनं थांबती," ते म्हणाले.

काकू या सगळ्यापासून लांब असायच्या. रविवारी दहा ते एक त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "लग्न झाल्यावर दुसऱ्या साली मी त्यो हत्ती पुसला व्हता. नुसता पुसला, फोडला नाय. आठ दिवस बोलले नायत माज्याशी. तवापासून मी त्या कपाटाकडं बघत बी नाय."

"एकदाही नाही?"

"कामून बघू? हत्तीनं काय माजं भलं केलंय?"

लग्नाकार्यात काकांना घेऊन जाणं म्हणजे जोखीम. एकदा त्यांच्या भाच्याच्या लग्नात व्याह्यांनी मोठ्या हौसेनं काचेच्या ग्लासांतून सरबत दिलं. काकांनी ग्लास रिकामा केला, दोन बोटांत धरला आणि कडेवर नखानं टिचकी मारली. कान जवळ नेला. मग शेजारच्या पाहुण्याचा ग्लास मागून घेतला, त्यालाही टिचकी. तिसऱ्या ग्लासाला व्याही स्वतः येऊन उभे राहिले. काकांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, "बिलोरी नाय हे. बिलोरी घुमती. ही नुसती ठक म्हणती." काकूंनी त्यांना हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं.

आणि तो गोळ्याचा प्रकार. त्यांच्याकडं मुठीएवढा एक भरीव काचेचा गोळा होता. उन्हाळ्यात एक दिवस धुऊन तो खिडकीजवळच्या टेबलावर वाळायला राहिला आणि काका आत गेले. परत आले तर वर्तमानपत्रातून धुराची एक बारीक रेघ वर चाललेली. ऊन गोळ्यातून जाऊन एका ठिकाणी गोळा झालं होतं आणि पेपर जळायला लागला होता. त्यांनी तो विझवला, कपाटाला जाड पडदा शिवून घेतला, इथपर्यंत ठीक होतं. पण पुढचा महिनाभर ते संध्याकाळी फिरायला निघाले की लोकांच्या खिडक्या बघत चालायचे. कुठं काचेचा गोळा, पाण्याचा गोल बाऊल, काही दिसलं की बेल वाजवायचे. "तुमची ओळख नाय, पण तुमच्या खिडकीत गोळा हाय. तेवढा उचला," एवढं बोलून पुढं चालू पडायचे. तीन गल्ल्यांत ते 'गोळावाले काका' झाले. एका बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी घरी येऊन आभार मानले. त्यांच्या पडद्याला खरंच तपकिरी डाग पडला होता. काकांना त्याचा आनंद झाला नाही. "दुसरं कोण कोण ऐकलं नसंल," याचीच त्यांना काळजी.

अशा माणसाचं कपाट माझ्या भरवशावर ठेवून ते दोघं मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. पंधरा दिवस. जाताना काकांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "बघायचं, हात लावायचा नाय." काकूंनी सांगितलं, "सकाळी तासभर हॉलची खिडकी उघडत जा, घर कोंदट व्हतं."

मी उघडत गेले. तेराव्या दिवशी उघडली आणि बंद करायची विसरून ऑफिसला गेले.

शेजाऱ्यांकडं त्या दिवशी अंगणात फरशी कापायचं काम होतं. संध्याकाळी आले तर हॉलमध्ये पीठ उधळल्यासारखं झालं होतं. सोफा, पंखा, टीव्ही, सगळं पांढरं. कपाटाचा पडदा बाजूला केला. सरकत्या काचांच्या फटीतून धूळ आत गेली होती. दोन्ही हंस, हत्ती, सुरई, सगळ्यांवर पांढरा थर.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि सोमवारी ते येणार होते. फोन करून सांगायला हवं होतं. मी नाही केला. मला वाटलं, यांना कळलं तर खोली जाईल. खरं सांगायचं तर खोलीपेक्षा दुसऱ्या टबाची जागा जाईल याची जास्त भीती वाटली.

हॉल रात्रीच झाडून पुसून घेतला आणि सकाळी सहाला नगांना सुरुवात केली. कोमट पाणी, एक थेंब लिक्विड, टॉवेलची घडी, सगळं शिस्तीत. पण ती फरशीची धूळ चिवट होती. सुकलं की पुन्हा पांढुरकी झाक. दहा वाजले तरी सातच नग झाले होते. मग माझा धीर सुटला. गिझरचं पाणी टबात सोडलं आणि काकूंच्या डब्यातला धुण्याचा सोडा एक चमचा टाकला. झाक झटक्यात गेली. संध्याकाळी पाचपर्यंत एकसष्टच्या एकसष्ट नग लखलखत जागेवर बसले होते. एकही फुटला नाही. मी देवाचे आभार मानले आणि चहा करून घेतला.

सोमवारी काका आले, पडदा सरकवला, बघितलं, "ठीक," म्हणाले. संपलं, असं मला वाटलं.

महिना-दीड महिन्यानं एका रविवारी त्यांनी सुरई उजेडात धरली आणि कपाळाला आठी घातली. "ह्याच्यावर धूर बसल्यावानी दिसायलंय."

मी धोतराच्या तुकड्याची उगाच घडी घालत राहिले.

पुन्हा धुतली. धूर तसाच. मग हंस बघितले, मग बाटल्या. सगळ्यांवर धूर. काका खुर्चीवर बसले आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "आमच्या लॅबमध्ये सोड्याच्या द्रावणाच्या बाटल्या असायच्या. वर्षानुवर्षं सोडा काचंला खात जातो. मग ती काच आंधळी व्हती. कितीबी धुवा, उजळत नाय."

सोडा हा शब्द ऐकल्यावर मी टब रिकामा करायच्या निमित्तानं उठून मोरीत गेले.

त्यांना माझा संशय आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी पाण्यावर संशय घेतला, बॅटरीचं दुकान बदललं. लिक्विडवर घेतला, ते बंद केलं. मग व्हिनेगर, मग लिंबू, मग दुधात बुडवलेला कापूस. दर रविवारी नवा प्रयोग आणि दर रविवारी एक वाजता तोच निकाल. शेवटी त्यांनी स्वतःवर संशय घेतला. "माझंच चुकलं कुठंतरी. वय झालं, हात चुकला."

आणि मी गप्प. मला विचारायचे, "तुला दिसतो का गं धूर?" मी बघायचे. आधी दिसायचा नाही. पण मी काय केलंय ते मला माहीत होतं ना. रोज बघून बघून मलाही धूर दिसायला लागला. हंसाच्या पाठीवर, दौतीच्या कडेला. मी म्हणायचे, "हो काका, थोडा."

काकूंना विचारून उपयोग नव्हता. "मला त्यातलं काय कळतंय," म्हणून त्या सरळ आत जायच्या.

काका जेवेनासे झाले. संध्याकाळचं फिरणं बंद केलं. अंधार पडायच्या वेळी पायरी दिसत नाही म्हणायचे. पेपर नुसता हातात धरून बसायचे. हे सगळं आम्ही दुःखाच्या खात्यात टाकलं. आणि एका शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "उद्या शहागंजला जायचं. चाचांकडं घासायचं चाक हाय. घासून साधे मणी, लोलक निघाले तर निघाले. आंधळी काच मला घरात बघवत नाय."

त्या चाकावर एकदा धरलं की हंसाचा हंस राहणार नव्हता.

रविवारी रिक्षात माझ्या मांडीवर खोकं. आत जुन्या साड्यांत गुंडाळलेले वीस नग, पहिली खेप. प्रत्येक गतिरोधकाला काका रिक्षावाल्याला म्हणायचे, "हळू रे बाबा." चाकावर द्यायला निघालेल्या काचेसाठी हळू. त्यांचं ते 'हळू' ऐकून मला रडू यायला लागलं. सांगायचं, आत्ता सांगायचं, असं मनात घोकत होते, पण रिक्षा शहागंजात येऊन थांबली तरी सांगणं झालं नव्हतं.

चाचांचं दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. छताला अर्धवट दुरुस्त झालेली झुंबरं, भिंतीलगत पितळी दांड्या, कोपऱ्यात ते चाक. चाचा काकांपेक्षा वयानं मोठे, पांढरी दाढी, डोळ्यांवर चष्मासुद्धा नाही. काकांनी पहिला हंस काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "चाचा, इसकू घासना है."

चाचांनी हात चाकाकडं नेला. नुसता स्विच साफ करायला नेला असेल, माहीत नाही. मी ओरडले, "थांबा!"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"काका, नग मी धुतले होते. तुम्ही पुण्याला होता तेव्हा. खिडकी उघडी राहिली माझ्याकडून, धूळ बसली होती. गिझरच्या पाण्यानं धुतले. सोडा टाकून. तुम्ही एवढे दिवस शोधताय आणि मी... मी सांगितलं नाही."

एका दमात बोलून गेले आणि मान खाली घातली. खोकं अजून माझ्या कुशीतच होतं. काका माझ्याकडं वळले. मग त्यांनी विचारलं, "किती गरम?"

"गिझरचं. हात घालता येत होता."

"सोडा किती?"

"एक चमचा. टबाला."

"सगळा टब भरून?"

"हो."

"किती येळ ठेवले आत?"

"लगेच काढले. एक मिनिट असेल."

काकांचे ओठ हलायला लागले. ते हिशेब मांडत होते, लॅबमध्ये द्रावण तयार करताना मांडायचे तसा. मग मान हलवून म्हणाले, "नाय. तेवढ्यानं काच खात नाय. एवढ्या पातळ सोड्यात महिनाभर ठेवली तरी काय व्हायचं नाय." आणि एकदम आवाज चढवून, "पन गिझरचं पाणी? तडकली असती! आन् एका दिवसात एकसष्ट? एका दिवसात? लाज नाय वाटली?"

"वाटली," मी म्हणाले.

"मला चार रविवार लागतात!"

त्यांना नेमका राग कशाचा आला होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही. खोटेपणाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. पण मला रस्त्यात बसून हमसून रडावंसं वाटत होतं, आणि ते दुःखानं नाही. माझ्या सोड्यानं काच खाल्ली नव्हती. काका स्वतःच सांगत होते. त्यांना सगळा दोष माझ्यावर टाकून मोकळं होता आलं असतं, पण रसायनशास्त्रात बसत नाही म्हणून त्यांनी टाकला नाही.

"मग धूर कशाचा?" ते चाचांना म्हणाले.

चाचांनी एवढ्या वेळात हंस उलटासुलटा करून बघितला होता. दारात जाऊन उन्हात धरला. परत आले. "कैसा धुआँ साब? ये तो पानी के माफिक साफ है."

"साफ कुठं? नीट बघा, चाचा. पोरीला बी दिसतो."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा हंसाकडं बघितलं, या वेळी पोटात भीती नसताना. दारातून येणारं ऊन त्याच्या मानेतून आरपार जाऊन समोरच्या भिंतीवर रंगाचा एक पट्टा पडला होता. कुठं काही नव्हतं.

"नाही काका," मी म्हणाले. "साफ आहे. मी आधी... मला तसं वाटायचं."

चाचांनी हंस खाली ठेवला. वरच्या झुंबरातला एकुलता एक बल्ब लावला. "साब, ऊपर देखो. कित्ते बल्ब हैं?"

काकांनी वर बघितलं. "दोन."

"आजूबाजू कुछ दिखता?"

"कडं हाय. रंगीत. गोल."

चाचा हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. "काच में कुछ नै है साब. तुमारी आँख में है. मेरेकू भी ऐसाच हुआ था, दोनों आँखाँ में. मोतीबिंदू. मैं सारे बाजार कू बोलता फिरता था, बल्ब खराब आ रै."

काका स्टुलावर बसले. हंस उचलला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. मग एक डोळा झाकून बघितला, दुसरा झाकून बघितला. प्रयोगशाळेतला माणूस. शेवटी म्हणाले, "डाव्यानं कमी धूर, उजव्यानं जास्ती. नग तोच हाय."

"हौ," चाचा म्हणाले.

"म्हंजे काच बरी हाय."

"काच एकदम बरी."

काकांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं तसं ते मला नातवाचे फोटो दाखवत होते तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. डोळे बिघडलेत हे ऐकून इतका सुखावलेला माणूस मी पुन्हा कधी बघितला नाही. चाचांनी चहा मागवला. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि खोक्याकडं बोट दाखवून म्हणाले, "चल, घरी ने त्यांना."

सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि काकांना घाम फुटला. आपली भीती ते चौकशीतून बाहेर काढायचे. डॉक्टर तरुण होते, सोशीक होते. काकांनी त्यांना विचारलं की डोळ्यात घालायची ती काच कसली?

"काच नाही, लेन्स असते. प्लॅस्टिकसारखी."

"धुवायची कशी?"

"ती धुवायची नसते, काका."

"कधीच नाय?"

"कधीच नाही."

काकांचा विश्वास बसेना. जन्मभर राहणार आणि एकदाही धुवायची नाही अशी वस्तू त्यांच्या माहितीत नव्हती. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "डोळा धुवायला काढून मागचाल म्हनून भ्यायलंय ते डाक्टर."

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना आत नेलं तेव्हा काकूंनी माझा हात धरला. तोवर त्यांनी घाबरल्याचं दाखवलं नव्हतं. "नाय दिसलं तर काय करत्याल गं हे? पेपर नाय वाचला तरी चालंल यांना. त्या कपाटाचं काय?" कपाटाकडं कधी न बघणारी बाई हे म्हणत होती. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. अर्ध्या तासात काका डोळ्याला पट्टी लावून बाहेर आले आणि म्हणाले, "झालं बी? मला वाटलं आता सुरू व्हईल."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. काकांनी अक्षरं वाचली, मग त्यांच्याखाली बारीक टायपात छापलेला मजकूर वाचला, मग म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या ह्या चौकटीच्या काचेवर बोटांचे ठसे हायत. कोनीतरी पुसलंय. पुसू नका."

काकू मोठ्यांदा हसल्या आणि मग पदर डोळ्याला लावला.

घरी आल्यावर कपाट. पडदा सरकवून ते बराच वेळ उभे राहिले. मी मागं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. ते म्हणाले, "हत्तीच्या पोटाखाली साबण राहिलाय. हे मी केलंय. दोन वर्षं मी अर्धवट धुतलंय यांना." आणि मागं न बघता, "तू धुतलेले जास्ती साफ निघाले असत्याल. पन ते गरम पाणी मी इसरनार नाय."

डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, असं महिनाभर पथ्य होतं. धुणं थांबणार म्हणून ते अस्वस्थ झाले. पहिल्या रविवारी दहा वाजता काकू आल्या, हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, पदर खोचला आणि टबासमोर उभ्या राहिल्या. काका काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. मी दुसऱ्या टबावर. काकूंनी हत्ती उचलला, बुडातूनच.

"मान नको धरू," काका म्हणाले.

"नग हातात असताना बोलायचं नाय," काकू म्हणाल्या.

काका गप्प बसले. एक वाजेपर्यंत गप्प बसले. त्या दिवशी आमचे तेवीस नग झाले आणि दुपारच्या जेवणाला त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसरा डोळा दिवाळीआधी झाला. पथ्य संपलं त्याच आठवड्यात मी सणासाठी घरी निघाले. काका सोडायला आले. बसस्टँडवर ही गर्दी. गाड्या लागत होत्या, निघत होत्या, लोक पाट्या वाचायला पुढं पळत होते. मी टाचा उंचावून बघत होते. समोर लांब, स्टँडच्या फाटकातून एक गाडी नुकतीच आत वळत होती. मला तिची काच उन्हात चमकलेली दिसली, बाकी काही नाही.

"कन्नड!" काका ओरडले. "तुझी गाडी! पाटी लावलीय बघ, कन्नड, वाया दौलताबाद, वेरूळ!"

माझी बॅग उचलून ते गर्दीत शिरले. मी मागं पळत होते आणि ते वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "कन्नड हाय, कन्नड, मी वाचलंय." गाडी जवळ आली, थांबली. ती कन्नडचीच होती. त्यांनी खिडकीतून बॅग टाकून माझ्यासाठी जागा धरली होती.